सत्तावीस शिल्लक

माळवस्ती, सुलतानपूर
९ नोव्हेंबर २०२५

वैजनाथकाका,

पत्राच्या वर नमस्कार लिहायचा असतो हे मी तुमच्याच घरात शिकले, स्नेहलताबाईंच्या हाताखाली. पण गेल्या रविवारी मी बांधावर उभी राहून सलाम केला, आणि तुम्ही मोटारसायकल वळवून नाल्याच्या वाटेने निघून गेलात. फोन लावला तर तुम्ही माझा नंबर बंद करून ठेवलाय. म्हणून नमस्कार सोडते आणि मजकुरावर येते. स्पीड पोस्टाने पाठवते आहे, म्हणजे मिळालं नाही असं म्हणायला जागा नको.

ओळख विसरला असाल तर सांगते. मी राबिया, मोटारींचं वायंडिंग करणाऱ्या फकीर मोहम्मदची मुलगी. अब्बा जाऊन वर्ष झालं. त्यांच्या दुकानाच्या शेडमध्ये आता आमच्या गटाची डाळमिल आहे. आहे म्हणजे, ताडपत्रीखाली आहे. आम्ही अकरा बायका. जानेवारीत तूर येईल. त्याआधी वीस एचपीचं कनेक्शन मिळालं तर मिल चालेल, नाहीतर हा हंगाम गेला, आणि हंगाम गेला की गट फुटला. मनकर्णाबाईचा नवरा आत्ताच म्हणतो, ‘हे बायकायचे खेळ किती दिवस चालतेत पाहू.’

अर्ज केला तर वीज कंपनीच्या ऑफिसात साहेबांनी तुमची हरकत दाखवली. ‘सदर डीपीवर जादा भार घेण्याची क्षमता नाही. वै. रा. सोनुने, निवृत्त ऑपरेटर.’ साहेब म्हणाले, सोनुने जुने जाणकार आहेत, त्यांची हरकत मिटवून या.

काका, आता कंपनीने सगळ्या डीपींचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे, आकडे इंटरनेटवर उघडे केले आहेत. कुणीही फोनवर पाहू शकतो. आमच्या वस्तीच्या डीपीपुढे लिहिलंय: क्षमता १००, जोडलेला भार ७३, शिल्लक २७. माझ्या मिलच्या वीस एचपीला या मापाने लागतात एकोणीस. छापील कागद सोबत जोडला आहे. तुम्ही देऊळगाव राजात राहता, आठवड्यातून एकदा शेतात येता, गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने मोटारींची पाळी लिहिता आणि जाता. तेवढ्याने डीपी तुमच्या नावावर झाली का?

हरकत का घेतली ते लेखी कळवा.

राबिया

----

देऊळगाव राजा
१७ नोव्हेंबर २०२५

चि. राबिया,

आशीर्वाद लिहायची रीत आहे. लिहिला असे समज.

पत्र मिळालं. पोस्टमनने सही घेतली, समोरच्या ओट्यावरच्यांनी पाहिली. निवृत्त माणसाला स्पीड पोस्ट आलं की बालाजीच्या देवळापर्यंत चर्चा पोचते. कुणी विचारलं कोर्टाचं आहे का, कुणी विचारलं पेन्शन अडकली का. ही तुझी पहिली कामगिरी.

मी बत्तीस वर्षं सबस्टेशनात काढली. तुझ्या वयाइतकी वर्षं मी नुसते मीटरचे काटे वाचले आहेत, आणि तू मला कागद पाठवतेस. तक्त्यात सत्तावीस शिल्लक असेल, डीपीत नाही. तक्ता कॉम्प्युटरवर असतो, तेल डीपीत तापतं. त्या तेलाला तुझा कागद वाचता येत नाही.

पाळीबद्दल तू जे तोंड वाजवलं आहेस त्याचं उत्तर देतो. त्या डीपीवर सव्वीस मोटारी आहेत. थ्री फेज आठ तास येते. पहिले चार तास तेरा मोटारी, नंतरचे चार तास उरलेल्या तेरा. कोणी कधी, ते मी भिंतीवर लिहितो आणि लोक पाळतात. आजूबाजूच्या वस्त्यांवर दर रब्बीत डीपी जळते आणि पंधरा-पंधरा दिवस पाण्यावाचून पीक उभं राहतं. माळवस्तीची अकरा वर्षांत एकदाही जळलेली नाही. याला जहागिरी म्हणतात की राखण, ते तुझ्या इंटरनेटला विचार.

जागा का नाही, ते मात्र विचारू नकोस. सांगण्यासारखं असतं तर मी वाट वळवली नसती. तुझा बाप असता तर तुला एका शब्दात गप्प केलं असतं.

डाळ भरडायचीच असेल तर चिखलीला मिला आहेत.

वैजनाथ सोनुने

----

माळवस्ती
२५ नोव्हेंबर २०२५

वैजनाथकाका,

चिखलीला मिला आहेत हे मला माहीत आहे. चार वर्षं मी तिथे एका मिलमध्ये चाळणीपाशी उभी होते. टरफल नाकात, डाळ मालकाच्या पोत्यात. त्याच चार वर्षांत मशीन शिकले. तुमचा सल्ला तुमच्याजवळ ठेवा.

तुम्ही कारण दिलं नाही, म्हणून मी तुमची हरकत आणि कंपनीचा तक्ता दोन्ही शेजारी-शेजारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावले. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘यातलं एक खोटं आहे. कोणतं, ते सोनुनेसाहेबांना विचारा.’ वाटलं होतं, लोक वाचतील, हसतील, दोन जण तरी माझ्या बाजूने बोलतील. काका, कुणी हसलं नाही. माणसं वाचायची आणि मान खाली घालून जायची. गोविंदा, ज्याची विहीर तुमच्या शेताला लागून आहे, तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘हा कागद काढ बाई. काऊन लोकायचं वाटोळं करून राह्यली तू?’

तुमची एवढी दहशत असेल असं वाटलं नव्हतं. पाणी बंद होईल म्हणून लोक घाबरतात. भिंतीवरून एखाद्याचं नाव पुसलं की त्याचा हरभरा वाळतो, हे काय मला कळत नाही? गोविंदासारखा बैलाला अंगावर घेणारा माणूस कागदाला घाबरतो, म्हणजे कागदामागे कोण उभं आहे ते उघड आहे.

आता सरळ विचारते. या डीपीवर दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या सोहमच्या रसवंतीला कनेक्शन मिळालं, तेव्हा तुमची हरकत कुठे होती? माझ्याच वेळी तेल तापायला लागलं? बायकांची मिल आहे म्हणून, की फकीर मोहम्मदच्या मुलीची आहे म्हणून? अब्बांच्या जनाज्याला तुम्ही आलात, कब्रस्तानाच्या फाटकापाशी उभे राहिलात आणि अम्मीशी एक शब्द न बोलता निघून गेलात. अम्मीने, सुगराबीने, तुम्हाला पंचवीस वर्षं चहा पाजला होता. तेव्हा मला कळलं नव्हतं. आता कळतंय.

उत्तर द्या, नाहीतर तुमची ही पत्रंही मी फळ्यावर लावीन.

राबिया

----

देऊळगाव राजा
३० नोव्हेंबर २०२५

राबिया,

तुझं पत्र तीनदा वाचलं. स्नेहलताने विचारलं काय लिहिलं आहे, मी सांगितलं डाळीचे भाव. मी तुला अंगाखांद्यावर खेळवली नाही असं नाही, तरी तू मला जातधर्म पाहणारा ठरवलंस. हे मला लागलं. फार लागलं. म्हणून जे मी तुझ्या बापाच्या मातीबरोबर पुरलं होतं ते उकरून काढतो, आणि ते तू काढायला लावलंस हे लक्षात ठेव.

सोहमची रसवंती तीन एचपीची होती, ती पाळीत बसली, आणि वर्षभरात बंदही पडली. तुझी मिल बसत नाही. का, ते ऐक.

तुझ्या बापाच्या दुकानात तारेच्या रिळांची पत्र्याची पेटी आहे. तिच्या तळाशी लाल कापडात एक वही आहे. त्या डीपीवरची प्रत्येक मोटार कधी ना कधी जळली आणि फकीरकडे वायंडिंगला आली. परत देताना तो तिची कंपनीची पाटी काढायचा आणि तीन एचपीची पाटी ठोकायचा. पाट्या जालन्याहून शेकड्याने यायच्या. पंपाचं बिल एचपीवर असायचं, मीटर नव्हतं. पाच असो, साडेसात असो, पाटीवर तीन. कंपनीचे लोक पाहणीला आले ते पाट्यांवरचे आकडे उतरवून घेऊन गेले. तुझा तो जगजाहीर तक्ता त्या पाट्यांवरून झाला आहे.

म्हणजे सत्तावीस शिल्लक कुणी निर्माण केली? फकीर मोहम्मदने. फळ्यावर ‘यातलं एक खोटं’ लिहिलंस ना, ते तू बापाबद्दल लिहिलंस. गोविंदा मला घाबरला नाही. त्याचीही मोटार साडेसातची आहे, आणि तसंच प्रत्येकाचं.

मेलेल्या मित्राचं नाव खराब होऊ नये म्हणून मी गप्प होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता फळ्यावरचा कागद काढ आणि मिल विकून टाक.

वैजनाथ सोनुने

----

माळवस्ती
६ डिसेंबर २०२५

वैजनाथकाका,

पेटी उघडली. वही लाल कापडातच होती. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळं खरं निघालं, आणि तुम्ही न सांगितलेलंही निघालं.

अब्बांचं अक्षर तुम्हाला माहीत आहे, सातवीपर्यंतच्या मराठी शाळेचं, गोल आणि सावकाश. प्रत्येक मोटारीला एक ओळ. तारीख, नाव, तारेचा गेज, किती वेढे, खरी एचपी, आणि शेवटी ‘पाटी ३’. मी बेरीज केली. वीस मोटारी साडेसातच्या, सहा पाचच्या. एकशे ऐंशी एचपी. डीपीच्या भाषेत भार १६८. क्षमता १००. मी रात्रभर नाही, दोन दिवस त्या आकड्यासमोर बसले होते. अम्मीने विचारलं काय झालं, मी म्हटलं हिशेब जमत नाही. खरं तर तो पहिल्यांदाच जमला होता.

अब्बा खोटं काम करायचे हे मला माहीत नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते. ती लाज माझी आहे, तुम्ही तिच्यावर पाय देऊन उभे राहू नका.

कारण वहीची पहिली ओळ कुणाची आहे? १८ जून २००७. वैजनाथ सोनुने. खरी ७.५. आणि पुढे, फक्त या एकाच ओळीत, अब्बांनी जास्तीचं लिहिलंय: ‘पाटी ३, भाऊच्या सांगन्यावरून. भाऊ म्हनले कंपनीचा मानूस मी हाव, मले कोन विचारते.’ त्यानंतर दीड महिन्याने दुसरी ओळ, मग तिसरी. सोनुनेसाहेबांनी लावली तर आपण का नको, असंच झालं असणार.

शेवटचं पान ऑगस्ट २०२४ चं आहे. तेव्हा साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकारने माफ केलं होतं. अब्बा लिहितात: ‘भाऊले म्हटलं, आता बिलच नाही तं खोट्या पाटीत काय फायदा. खरं लिहून देऊ, मोठी डीपी भेटंल. भाऊ म्हनले, चौकशी माह्यावर येईन, माही पेन्शन अडकवतं का? मी म्हटलं मंग मीच एकटा जातो. तवापासून बोलनं बंद.’ तीन महिन्यांनी अब्बा गेले.

तर फाटकापाशी तुम्ही कशामुळे थांबलात ते आता कळलं. कुणाचं नाव राखत होतात, काका? मेलेल्याचं, की जिवंत माणसाचं? चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. चोराचं मौनव्रत आता पाहिलं.

राबिया

----

देऊळगाव राजा
१० डिसेंबर २०२५

राबिया,

भांडण पुरे. कामाचं लिहितो.

हरकत मागे घेतल्याचं पत्र आज ऑफिसला दिलं. त्याची प्रत सोबत आहे. साहेब तक्ता पाहून मंजुरी देतात. तक्त्यात सत्तावीस आहेत, तुला एकोणीस मिळतील. तूर यायच्या आत मिल सुरू होईल. तुझ्या अकरा बायका खूश, मनकर्णाबाईचा नवरा गप्प.

दोन अटी आहेत. पहिली, वही आहे तिथे परत ठेवायची आणि फळ्यावरचा कागद काढायचा. तुझ्यासाठी म्हणून सांगतो: वही बाहेर पडली तर डीपीपुढे उणे अडुसष्ट लागेल, आणि मग तुझ्या मिललाच पहिला नकार येईल. खरं बोललीस तर तुझंच कनेक्शन जाईल. एवढं गणित तुला येतं.

दुसरी. मिल पाळीबाहेर चालवायची नाही. तेरा मोटारींचा भार चौऱ्याऐंशी होतो. त्यात तुझे एकोणीस घातले तर शंभराच्या वर गेलं. म्हणून दोन पाळ्यांच्या मध्ये मी एक तास मोकळा सोडीन. दोन्हीकडच्या मोटारी बंद, फक्त तुझी मिल. त्या एका तासात काय भरडायचं ते भरड. एक मिनिट जास्त नाही.

हे मी तुझ्यावर प्रेम म्हणून करत नाही, ते तुला सांगायला नको.

वै. सोनुने

----

माळवस्ती
१४ डिसेंबर २०२५

वैजनाथकाका,

कागद काढला. वही पेटीत ठेवली. कनेक्शनच्या पैशांचं कोटेशन भरलं.

तुम्हाला मी काय काय म्हटलं ते मला पाठ आहे, आणि आज मीही तुमच्याच रांगेत उभी आहे हेही कळतं. अम्मी विचारते, सोनुनेभाऊ मानले कसे? मी म्हटलं, जुनी ओळख. त्यावर ती रडली, म्हणाली माणूस वाईट नव्हता. मला तिच्यासमोर बसवेना.

एवढंच. यापुढे पत्राची गरज पडू नये.

राबिया

----

देऊळगाव राजा
२२ जानेवारी २०२६

राबिया,

मंगळवारी दुपारी डीपी जळाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. गोविंदाचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. ताट तसंच राहिलं. सव्वीस शेतांत गहू ओंबीवर आहे. या पाण्याला चुकला की दाणा भरत नाही, हे तुला शेतात न राबताही माहीत असायला हवं.

मी तुला एक तास दिला होता. एक तास! लोकांनी मला सगळं सांगितलं. १२ जानेवारीला मिल सुरू झाली, चौथ्या दिवसापासून तू तासभर जास्त चालवायला लागलीस, आठव्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत. गोविंदा तुला सांगायला आला तर तू त्याला मंजुरीचा कागद दाखवलास. मग तो घरी गेला आणि म्हणाला, ‘मिल पाळी पाळत नाही तं आपुन काऊन पाळावं?’ त्याने स्टार्टर दाबला. त्याचं पाहून बाकीच्यांनी दाबला. त्या दुपारी सव्वीसच्या सव्वीस मोटारी आणि तुझी मिल एकाच वेळी चालू होत्या. अकरा वर्षांत जे कुणी केलं नाही ते तुझ्या एका कागदाने केलं.

कंपनीचं कनेक्शन तुझ्याजवळ होतं, पण रीत तुझ्याजवळ नव्हती. तुझ्या बापाने पाटी खोटी लावली, पाळी एकदाही मोडली नाही.

आता निदान तोंड बंद ठेव. मी ऑफिसात बोलतो, लवकर डीपी बदलून घेतो.

वै. सोनुने

----

माळवस्ती
२६ जानेवारी २०२६

वैजनाथकाका,

सगळं खरं आहे. मनकर्णाबाई दोन क्विंटल तूर घेऊन आली आणि म्हणाली, ‘एवढी काढून दे बाप्पा, परत गाडी कोन करते?’ तेव्हा पहिल्यांदा तास ओलांडला. मग ओलांडायची भीती गेली. गोविंदाला मी कागद दाखवला हेही खरं. मंजुरी आहे, सही-शिक्का आहे, मी कुणाच्या भिंतीवर का चालावं, असं मी त्याला म्हणाले. वहीतला आकडा मला ठाऊक असताना म्हणाले. ज्याला ठाऊक नाही त्याने केलं असतं तर चूक म्हणता आली असती. मी केलं त्याला चूक म्हणू नका.

शुक्रवारी नवीन डीपी आली. पुन्हा शंभरचीच. मी लाइनमनला म्हटलं, दोनशेची हवी होती. त्याने खिशातून फोन काढून तक्ता दाखवला आणि हसला. ‘बाई, अजून आठ शिल्लक दिसून राह्यले इथं. मोठी काऊन देईन कोनी?’ मी त्याच्यासमोर उभी होते आणि मला तोंड वर करता येईना. काका, आपण अठरा वर्षं कंपनीला फसवलं असं समजत होतो. पण ही शंभरची डीपी परत परत आपल्याच वस्तीत येऊन जळणार, आणि दर वेळी तक्त्यात जागा शिल्लकच असणार. कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं ते उजाडतंच.

म्हणून मी त्याच दिवशी वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढले आणि तक्त्याखाली दुरुस्तीची जी खिडकी आहे तिथे पाठवले. सव्वीस नावं, खरी एचपी, तारखा. खाली माझं नाव, माझे वीस एचपी, आणि लिहिलं: ‘हे मला ६ डिसेंबरपासून माहीत होतं.’ मिलचा स्विच मी स्वतः खाली पाडला आहे. गटातल्या दहा जणींना बसवून सांगितलं. जनकाबाई उठून गेली. बाकीच्या नऊ बसून राहिल्या. मिल माझी गेली हे मला कळतं, आणि ते सांगताना मला रडू आलं हेही लिहिते.

तुम्हाला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही तिसरी अट घातली असती.

पाहणी होईल. मग लोक तुमच्या दारात येतील, वही कुणी दिली म्हणून विचारतील. माझं नाव सांगा.

राबिया

----

देऊळगाव राजा
१३ फेब्रुवारी २०२६

राबिया,

पाहणी झाली हे तू डोळ्यांनी पाहिलंसच. चार जण दोन दिवस विहिरी-विहिरी फिरले. तक्ता मी स्नेहलताच्या फोनवर पाहिला. क्षमता १००, भार १८७, शिल्लक उणे ८७. वस्तीचं नाव लाल अक्षरात आहे. मोठ्या डीपीच्या यादीत आपलं नाव लागलं म्हणतात, पण यादी लांब आहे. तुझी मंजुरी रद्द झाली, ते मी तुला डिसेंबरातच सांगितलं होतं.

परवा सतरा जण दोन जीप करून माझ्या दारात आले. ओट्यावरचे सगळे बाहेर. गोविंदाने माझी कॉलर धरायची तेवढी बाकी ठेवली. ‘कोनं देल्ली वही?’

मी सांगितलं, मी दिली.

वही फकीरने मरण्याआधी माझ्याकडे ठेवली होती, पेन्शन सुरक्षित राहावी म्हणून मीच ती कंपनीला देऊन माफीचा साक्षीदार झालो, असं सांगितलं. त्यांचा लगेच विश्वास बसला. माझ्याबद्दल एवढं वाईट ऐकायला ते तयारच होते, हे मला तेव्हा कळलं. थुंकून गेले. स्नेहलता आत होती, तिने सगळं ऐकलं.

तुझ्यावर उपकार करायला हे केलेलं नाही. तू मला वाटेल ते लिहिलंस, मी काही विसरलेलो नाही. पण मी देऊळगाव राजात राहतो, तू तिथे राहतेस. तुला त्याच विहिरीचं पाणी आणायचं आहे, त्याच लोकांची तूर घ्यायची आहे, कधीतरी मिल चाललीच तर. आणि पोरीनेच बापाला लबाड ठरवलं, हे वस्तीत कुणी सुगराबीच्या तोंडावर बोललेलं मला सहन होणार नाही. फकीर जायच्या आधी मी त्याच्याशी तीन महिने बोललो नाही. एकदा तो देऊळगावला आला होता, बसस्टँडवर दिसला, मी पाहिलं आणि वळलो. वळायची सवय मला तेव्हा लागली.

आता तू खंडन करू नकोस. गप्प बस. एवढं एक ऐक.

वैजनाथ

----

माळवस्ती
१७ फेब्रुवारी २०२६

काका,

नाही ऐकणार.

तुम्हाला वाटलं असेल, ही वाचून रडेल आणि गप्प बसेल. रडले. अम्मीला वाचून दाखवलं, तीही रडली. मग ती म्हणाली, ‘पन हे बी खोटंच बोलले ना भाऊ?’ आणि मला एवढा राग आला की दोन दिवस पत्राला हात लावला नाही.

तुम्ही अठरा वर्षं ठरवत आलात, या वस्तीला कुणाबद्दल काय कळावं ते. आता माझ्याबद्दलही तुम्हीच ठरवलंत. लोकांनी तुमच्यावर थुंकायचं आणि मी खाली मान घालून त्यांच्या विहिरीवरून पाणी आणायचं, हे मला जमणार नाही. आणि तुम्ही अब्बांना काय केलंत ते पाहा. त्यांनी शेवटी खरं सांगायचं ठरवलं होतं. ‘मीच एकटा जातो’ असं त्यांनी लिहून ठेवलंय. तुमच्या गोष्टीत ते फक्त पाट्या ठोकणारे राहिले, आणि शहाणे झालात ते तुम्ही, तेही पेन्शनसाठी. त्यांची ती एक ओळ मी कुणाला खाऊ देणार नाही. तुम्हालाही नाही.

येत्या रविवारी, बावीस तारखेला, सकाळी अकरा वाजता ग्रामपंचायतीसमोर मी वही वाचणार आहे. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, सगळ्यांसमोर. तुमचं नाव पहिलं येईल. अब्बांचं काम प्रत्येक ओळीत येईल. सव्वीस जणांना आपापली ओळ ऐकावी लागेल, आणि सगळ्यात शेवटी मी उभी राहून माझी सांगेन. गोविंदाला मी स्वतः जाऊन बोलावलंय. तो म्हणाला, ‘येतो, पन तुह्या तोंडून माहं नाव निंगालं तं पाहून घेतो.’ मी म्हटलं, निघणारच आहे, पुढे बसून ऐक.

तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. पण रविवारी तुम्ही शेतात येताच. रोजे सुरू झालेले असतील, म्हणून मी चहा घेणार नाही. अम्मी तुमच्यापुरता ठेवील. वळायचं असेल तर नाल्याची वाट तुम्हाला माहीत आहे. यायचं असेल तर या. पुढच्या रांगेत एक खुर्ची ठेवते.

राबिया फकीर मोहम्मद